चारशे एकवीस टाके

तिला कारखान्यात उसवाबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि तिने कधी हरकत घेतली नव्हती. स्वेटरच्या त्या कारखान्यात नमुना विभागात तिने सव्वीस वर्षं काढली. कागदावर आलेला कुठलाही नमुना आधी तिच्या सुयांवर चढायचा. ती एक वस्तू हाताने विणायची, मापं कुठे फसलीत, कुठल्या ओळीत टाके जुळत नाहीत ते लाल पेन्सिलीने लिहायची, आणि मगच तो कागद यंत्रांकडे जायचा. हाताखालच्या मुलींचं काम टेबलावर आलं की चष्मा कपाळावर चढवायची, कापड उजेडाकडे धरायची, आणि एक टाका वाकडा दिसला तरी अवाक्षर न काढता धागा ओढायची. सर्र. आठवड्याचं काम दोन मिनिटांत मांडीवर. दोघी-तिघी रडल्याही होत्या. तिला त्याचं फारसं वाटलं नव्हतं. चुकलेलं अंगात घालून माणूस चारचौघांत हिंडणार, मग रडायचं कुणी, असं तिचं म्हणणं.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि एका सकाळी चहात साखर ढवळता ढवळता तिच्या हातातून चमचा पडला. तो उचलायला हात खाली गेलाच नाही. अर्धांगाचा झटका होता. पाय महिन्याभरात सुधारला, उजवा हात मात्र अर्धवट राहिला. बोटं मिटत, पण उघडायला वेळ लागे. डॉक्टर म्हणाले, नशीब थोर, वाचा शाबूत आहे. तिच्या नवऱ्याने हे ऐकून मान वर केली.

वाचा शाबूत होती, डोकं शाबूत होतं, तरी लोक तिच्याशी चढ्या आवाजात बोलायला लागले. जणू हातातलं दुखणं कानात शिरलं होतं. शेजारीण दारातून विचारायची, "आज जेवलात का नीट? सगळं संपवलंत का?" कुणी भेटायला आलं की ती समोर बसलेली असताना तिच्या नवऱ्याला विचारायचं, "कशा आहेत आता?" नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. खिडकीपाशी त्याचं छोटं टेबल होतं. तो डोळ्याला लावलेलं भिंग न काढता म्हणायचा, "तिलाच विचारा. सांगेल ती." आणि ती सांगायची. दोन महिन्यांत भेटायला येणारे निम्मे झाले.

दवाखान्यात हाताचे व्यायाम करून घेणारी एक तरुण बाई होती. उसवाबाई घरी तिचा उल्लेख 'व्यायामवाली' असा करायची. व्यायामवालीने सुरुवातीला स्पंजाचा चेंडू दाबायला दिला, मग भांडंभर राजमा निवडायला. एक दिवस ती फारच खुशीत आली.

"आजी, मला कळलं तुम्ही विणायच्या!"

"विणते."

"हो हो, विणता. म्हणून मी आज गंमत आणलीये."

गंमत म्हणजे अंगठ्याएवढ्या जाडीच्या दोन प्लॅस्टिकच्या सुया, पिवळीजर्द लोकर आणि एक छापील कागद. कागदावर हसरं अस्वल होतं आणि त्याच्या गळ्यात मफलर. वर लिहिलं होतं, 'सोप्पा सोप्पा मफलर'.

"वीस टाके, सगळ्या ओळी सुलट," व्यायामवाली म्हणाली. "मोजायचं नाही, बघायचं नाही. आणि चुकलं तरी काही म्हणजे काही बिघडत नाही!"

सव्वीस वर्षांत हे वाक्य उसवाबाईसमोर उच्चारायची कुणाची छाती झाली नव्हती. तिने कागद डाव्या हाताने उलटा करून टेबलावर ठेवला.

"एक, मी तुमची आजी नाही. दोन, चुकलं की बिघडतं. आणि तीन, हे अस्वल परत घेऊन जा."

ती घरी आली. दार लागताच म्हणाली, "अहो, कपाटावरची निळी फाईल काढा."

"आत्ता?"

"नाही, मी मेल्यावर."

त्या फाईलमध्ये कारखान्याने नाकारलेले नमुने होते. यंत्राला झेपणार नाहीत, किंवा हाताने करायचे तर माणशी एक महिना खातील असे. निवृत्त होताना तिने ते उचलून आणले होते, कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्याने ते टेबलावर पसरले. त्या दिवशी लेक आलेली होती. लेक अडतीस वर्षांची, दोन गल्ल्या पलीकडे राहायची, औषधांच्या दुकानात कामाला होती आणि सकाळची पाळी संपवून दुपारी आईकडे यायची. तिने मायेने एक साध्या टोपीचा कागद पुढे सरकवला. आईने तो बोटाने परत सरकवला.

तीन नमुने उरले. पहिला स्वेटर होता, बावीस वेण्यांचा, वेण्या एकमेकींत शिरून खांद्यापर्यंत जाणाऱ्या. पण वेणी घालायची तर टाके तिसऱ्या सुईवर काढून धरावे लागतात, आणि धरायला बोटं लागतात. तो बाजूला गेला. दुसरे हातमोजे, पाच छोट्या सुयांवर गोल विणायचे, बोटागणिक वेगळी नक्षी. "हे गळून पडतील," ती स्वतःशीच म्हणाली. तिसरी शाल होती.

पानांची शाल. लांबीवर चारशे एकवीस टाके, दोनशे छत्तीस ओळी, एकवीस पानं एका रांगेत. एरवी जाळीच्या कामात मागची ओळ साधी उलट विणायची असते, तेवढीच डोक्याला विश्रांती. हिच्यात तीही नव्हती. मागच्या ओळीतही नक्षी. प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला दोन टाके एकत्र करताना ते एका अंगाला झुकवायचे, उजव्या कडेला दुसऱ्या. एक झुकाव चुकला की पान मोडलं. कागदाच्या कोपऱ्यात तिचीच लाल पेन्सिल होती, 'कारखान्याला अशक्य. हाताने शक्य. वेळ लागेल.'

"हीच," ती म्हणाली.

"आई, अगं आधी काहीतरी सोपं घे ना," लेक म्हणाली. "हात तरी बसू दे."

"हात बसलेलाच आहे. तोच तर त्रास आहे."

नवऱ्याने तिला एक पट्टा करून दिला. जुन्या कातडी पट्ट्यावर मुठीएवढी चामड्याची उशी शिवली, तिच्यात भुसा ठासला आणि वर भोकं पाडली. पट्टा कमरेला बांधायचा, उजव्या सुईचं टोक भोकात खुपसायचं, की सुई आपली आपण उभी. धागा डाव्या हातात, टाके डाव्या हाताने पुढे आणायचे, उजव्याने फक्त ढकलायचं. म्हणायला एवढंच. पहिले चारशे एकवीस टाके सुईवर घालायला तिला एकोणीस दिवस लागले. शंभरपर्यंत जाऊन सुई निसटायची. बोटं धाग्यावर मिटायची आणि उघडायचीच नाहीत, मग डाव्या हाताने एकेक बोट सोडवायचं, चावी फिरवल्यासारखं. ती शिव्या द्यायची. सुईला, लोकरीला, हाताला, अस्वलाला. नवरा घड्याळात डोकं घालून ऐकायचा. एकदा त्याने विचारलं, "थोडं थांबतेस का?" तर तिने लोकरीचा गुंडा त्याच्या अंगावर फेकला. उजव्या हाताने. दोघांच्याही ते नंतर लक्षात आलं.

पहिली ओळ दोन तास. दहावी दीड तास. विसाव्या ओळीला पानांचे देठ दिसायला लागले. टाके एकसारखे नव्हते, एक घट्ट तर दुसरा ढगळ. ते तिला दिसत होतं आणि ती दात खाऊन पुढे जात होती. ताण हाताचा होता, त्याला इलाज नव्हता. पण मोजणी डोक्याची होती, आणि मोजणीत ती चुकणार नव्हती.

मग मोजणीत चुका व्हायला लागल्या. आणि नाहीशाही.

एकतिसाव्या ओळीला तिला दिसलं की नवव्या पानाची कड उलट्या अंगाला झुकलीये. हात इतका थकला होता की तिने तिथे टाचणी खोवली आणि ठरवलं, उद्या उसवू. ती जेवून झोपली. दुपारी दोन ते चार झोप सक्तीची होती, डॉक्टरांचा हुकूम. उठून पाहिलं तर टाचणी तशीच आणि नववं पान बरोबर. तिने तीनदा मोजलं. बरोबर. असेल, आपण घाईत पाहिलं, असं तिने मनाला सांगितलं. चार दिवसांनी पुन्हा तेच. चौदाव्या पानात एक भोक कमी होतं, तिने बोट लावून खात्री केली होती, आणि संध्याकाळी भोक जागेवर होतं. तीन आठवड्यांत हे असं एकूण पाच वेळा झालं.

तिने कुणाला सांगितलं नाही. हात गेला तेव्हा ती चिडली होती. आता ती घाबरली. नसलेली चूक दिसणं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सव्वीस वर्षं ती ज्या एका गोष्टीवर उभी होती ती म्हणजे 'मला दिसतं'. ती नवऱ्याला 'रक्तदाब तपासायचाय' असं सांगून दवाखान्यात गेली आणि डॉक्टरांना हळूच विचारलं, झटक्यानंतर माणसाला नाही ते दिसायला लागतं का?

डॉक्टर नवा होता, मिसरूड नुकतीच फुटलेली. त्याने गंभीर चेहरा केला आणि तिला एका खोलीत बसवलं. आज वार कोणता? हा प्राणी कोणता? शंभरातून सात वजा करत जा. मग त्याने कोरा कागद पुढे केला.

"घड्याळ काढा बरं. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा."

घड्याळजीची बायको ती. चाळीस वर्षं तिच्या जेवणाच्या टेबलावर घड्याळं उघडी पडलेली. तिने डाव्या हाताने गोल काढला, तो वाकडा आला. आकडे एका बाजूला दाटले. डॉक्टरने कागदाकडे पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "छान, छान." पुढच्या महिन्यात डोक्याच्या तपासणीची तारीख दिली. ती चिठ्ठी तिने चष्म्याच्या डबीत दडवली. घरी आल्यावर ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि दहा मिनिटं तशीच उभी राहिली.

मग एका शुक्रवारी सकाळी ढगाळ होतं म्हणून तिने शाल दिव्याखाली नेली. दिव्याचा उजेड तिरपा पडला आणि तिला दिसलं. नववं पान शेजारच्या पानांपेक्षा चांगलं होतं.

तिने चष्मा कपाळावर चढवला. आठव्या पानात टाके दातपडक्या फणीसारखे. दहाव्यात तसेच. नवव्यात मात्र सगळे एका मापाचे, दाणे निवडून मांडावेत तसे. चौदाव्यातही. ती एकेका जागेवर बोट ठेवत गेली, पाचही जागा सापडल्या. कुणीतरी तेवढ्याच पानाचे टाके खाली सोडून, चूक दुरुस्त करून, पुन्हा वर उचलत आणले होते. दोन्ही बाजूंनी नक्षी असताना. हे सोपं काम नव्हतं. कारखान्यात ते करू शकणाऱ्या दोघीच होत्या, आणि दुसरी वारली होती.

तिच्या अंगातून आधी भीती गेली. अगदी टाचेपासून गेली. आणि तिच्या जागी जे आलं त्याने तिचे कान तापले.

त्या दुपारी ती वेळेवर आडवी झाली, डोळे मिटले, दोनदा घोरलीसुद्धा. दार वाजलं. लेकीच्या चपला. खुर्ची सरकली. नवऱ्याचा दबका आवाज, "आज बाराव्यात आहे बहुतेक. सकाळी तिथेच थांबली होती." उसवाबाईने शंभरपर्यंत मोजलं आणि काठी न घेता भिंतीच्या आधाराने बाहेर आली.

लेक खिडकीपाशी बसली होती, शाल मांडीवर. तिच्या बोटांत क्रोशाची बारीक सुई होती आणि सुटलेले टाके ती एकामागून एक वर आणत होती, पाहता पाहता, कागदाकडे नजरही न टाकता. एक क्षण उसवाबाई नुसती बघत राहिली. तिची लेक कधी विणायची नाही. दहाव्या वर्षानंतर तिने सुईला हात लावला नव्हता, 'मला नाही जमत' म्हणून. आणि हे हात तर कसलेले होते.

"किती दिवस?" ती म्हणाली.

लेकीच्या हातातली सुई पडली. नवऱ्याने भिंग काढलं.

"आई, तू झोप ना, अजून..."

"किती दिवस चाललंय हे?"

"तुला त्रास नको म्हणून," लेक म्हणाली. "तू एक ओळ विणायला दीड तास घालवतेस. सगळी उसवावी लागली असती तर तू..."

"तर मी काय? मेले असते? अगं, मला वाटलं मला वेड लागलं!" तिने चष्म्याची डबी उघडली आणि चिठ्ठी टेबलावर आपटली. "वाच. वाचता येतं ना तुला, दिवसभर चिठ्ठ्याच वाचतेस. डोक्याची तपासणी. मी त्या पोरसवदा डॉक्टरसमोर बसून घड्याळ काढलं! त्याने मला गाढवाचं चित्र दाखवून विचारलं हे काय आहे! आणि मी, मी विचार केला सांगण्याआधी, खरंच गाढव आहे ना, का मला दिसतंय!"

लेकीने चिठ्ठी उचलून वाचली. नवरा उठला. "अगं, तू बोलली नाहीस..."

"तुम्ही बोलूच नका. तुम्ही चुका दाखवत होता तिला. 'बाराव्यात आहे बहुतेक.' माझ्या घरात, माझ्या पाठीमागे, दोघं मिळून मला अस्वल विणायला दिलंत!"

"चुकलं आमचं," लेक म्हणाली. "पण वाईट हेतूने..."

"हेतू गेला खड्ड्यात. माझं काम होतं ते. वाकडं असो, कसंही असो. तुला कुणी अधिकार दिला त्याला हात लावायचा?"

आणि इथे लेक उभी राहिली. अडतीस वर्षांत तिने आईसमोर आवाज चढवला नव्हता. बाप म्हणायचा, एका घरात एक पुरे.

"तूच दिलास," ती म्हणाली. "तूच शिकवलंस. पाचवीतला स्वेटर आठवतो? हस्तकलेचा? मी तीन महिने विणला तो. रोज शाळेतून आले की बघायचे, आणि रोज तो मी ठेवला त्यापेक्षा चांगला झालेला असायचा. मला वाटायचं मला काहीतरी जादू येते. मग एक दिवस लवकर घरी आले, तर तू माझी बाही उसवत होतीस."

उसवाबाईने तोंड उघडलं. "तुला पहिलं बक्षीस मिळालं होतं."

"तुला मिळालं होतं! सगळ्या शाळेने टाळ्या वाजवल्या आणि मी तिथे तुझा स्वेटर घेऊन उभी होते. त्यानंतर मी सुईला हात लावला नाही ह्या घरात. वसतिगृहात शिकले, खोलीतल्या मुलीकडून. तिला धड येत नव्हतं, आम्ही दोघी मिळून चुकायचो. सतरा वर्षं विणतेय मी. अकरा स्वेटर केले. सगळे वाटून टाकले, कारण घरी आणले असते तर तू ते उजेडाकडे धरले असतेस."

खोलीत फक्त घड्याळं चालू राहिली, प्रत्येक आपल्या वेळेने.

उसवाबाई आणखी भडकली, कारण त्यातलं एकही खोटं नव्हतं. तिने शाल उचलली. सुई ओढून काढली, चारशे एकवीस टाके उघडे पडले, आणि तिने धाग्याचं टोक उजव्या हाताच्या मुठीत अडकवून ओढलं. सर्र. अठ्ठावन्न ओळी, तीन महिने. नाजूक जाळी मध्येच अडायची, ती हिसका द्यायची. लेक म्हणाली, "आई, नको," आणि मग "कर, तेच येतं तुला," आणि पर्स उचलून निघून गेली. दार इतक्या जोरात लागलं की टेबलावरचा एक काटा उडाला. बाप उरलेली दुपार तो शोधत होता.

संध्याकाळी तो तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसला, दोन्ही हात पुढे केले. ती त्याच्या हातांभोवती लोकर गुंडाळत गेली. लडी जाड होत गेली. शेवटी तो म्हणाला, "काटा दाखवून द्यायला नको होता मी."

"काटा नाही, चूक."

"चूक," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने पहिल्यापासून टाके घातले. या वेळी चार दिवस लागले. तपासणीची तारीख तिने स्वतः फोन करून रद्द केली, आणि डॉक्टरला कारण सांगितलं तेव्हा तो हसला म्हणून त्यालाही चार शब्द सुनावले. लेक येत नव्हती. फोन बापाच्या फोनवर यायचा, त्याच्याशी बोलून बंद व्हायचा. पाच आठवडे गेले, मग सात. राग कमी झाला नाही, फक्त त्याचे दोन भाग झाले. सकाळी विणताना ती लेकीवर चिडलेली असायची. दुपारी आडवी पडली की ती बाही आठवायची. पिवळट रंगाची, कोपराशी जरा पसरट झालेली. बाहीला काही मोठं झालं नव्हतं. मुलाच्या हाताने जेवढी व्हावी तेवढीच ती वाकडी होती. मग ती कूस बदलायची आणि स्वतःवर दात खायची, जे तिला अजिबात सवयीचं नव्हतं.

अठ्ठ्याऐंशीव्या ओळीला गाडी अडली. पानांची दुसरी रांग सुरू होत होती आणि शेवटी दोन टाके उरत होते. तिने मोजलं, उसवलं, पुन्हा विणलं, पुन्हा दोन उरले. कागद चुकीचा छापलेला असू शकत होता, नमुन्यांत अशा चुका तिने शेकड्याने धरल्या होत्या. किंवा ती चुकत होती. तीन दिवस तिने झुंज दिली. नवऱ्याला विचारण्यात अर्थ नव्हता, तो म्हणाला असता तुझं बरोबर आहे. चौथ्या दिवशी तिने फोन उचलला.

"नमुना चुकलाय का मी, ते सांग," ती म्हणाली. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "खरं सांगायचं असेल तरच ये."

पलीकडे औषधांच्या दुकानातला गलका ऐकू आला. मग लेक म्हणाली, "दुपारी येते. झोपू नकोस."

ती आली. शाल तिने हातात घेतली नाही, टेबलावर पसरली आणि हात मागे बांधून वाकली. पेन्सिलीने कागदावरचे चौकोन मोजले. अर्धा तास गेला. उसवाबाई मनात तिच्यासोबत मोजत राहिली.

"कागद बरोबर आहे," लेक म्हणाली. "चूक तुझी आहे. पंच्याऐंशीव्या ओळीला, सहाव्या आणि सतराव्या पानात. जिथे जोडायचे तिथे तू नुसते विणलेस."

"दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे."

"चार ओळी उसवायच्या म्हणजे."

"हो. किंवा मी तेवढीच दोन पानं..." लेक थांबली. "नाही. चार ओळी."

उसवाबाईने शाल जवळ ओढली, सुई काढली, आणि उसवायला लागली. राग आला होता, चांगला खणखणीत, पण त्यात भीतीचा कण नव्हता. तिसरी ओळ निघाली तेव्हा मान वर न करता म्हणाली, "त्या बाहीला काही झालं नव्हतं."

लेकीने पेन्सिल खाली ठेवली.

"मला बघवायचं नाही, एवढंच. तू शाळेत गेलीस की ती तिथे पडलेली असायची आणि मला बघवायचं नाही. कारखान्यात पोरींना निदान तोंडावर तरी उसवून दाखवायचे. तुझं मी चोरून केलं." धागा अडकला, तिने तो सोडवला. "ते वाईट केलं मी. आणि तूही वाईट केलंस. आता चहा टाक."

लेकीने चहा टाकला. कप जरा जोरातच ठेवला. भांडण मिटलं असं काही म्हणता येणार नाही, कारण त्यानंतर त्या दोघी रोज भांडायला लागल्या. लेक आपलं विणकाम घेऊन यायला लागली, गडद हिरवा स्वेटर, आणि आई तिरक्या नजरेने त्याच्याकडे बघायची. "काय?" लेक म्हणायची. "काही नाही." "बोल." "गळा रुंद होणार." "होऊ दे." गळा रुंद झाला. लेकीने तो तसाच घातला, आणि आईने महिनाभर त्या गळ्याकडे न बघण्याचा जो प्रयत्न केला तो बघण्यासारखा होता.

शाल पुरी व्हायला पहिल्यापासून धरलं तर चौदा महिने लागले. बादलीत भिजवून, पलंगावर टाचण्यांनी ताणून वाळवली तेव्हा ती पलंगाच्या दोन्ही बाजूंनी खाली आली. राखाडी, झुळझुळीत, पानांवर पानं. ताण शेवटपर्यंत असमान राहिला, आणि तिला माहीत असलेल्या सात चुका होत्या, ज्या ओळी फार मागे गेल्यावर दिसल्या. आठवी लेकीने दाखवली.

ती शाल घेऊन ती दवाखान्यात गेली. दाखवायला नव्हे, असं तिने घरी सांगितलं, हाताच्या तपासणीची तारीखच होती. खांद्यावर टाकली होती, एवढंच. व्यायामवाली बघून किंचाळलीच. बाकीच्यांना हाका मारल्या, शालीचं टोक हातात घेऊन फिरवलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आजी, मी म्हणजे, अहो, ही आम्हाला द्याल? इथे भिंतीवर काचेत लावू. तुमचा फोटो आणि खाली एक ओळ. जिद्दीपुढे आजार हरला, असं काहीतरी. इतरांना किती धीर येईल!"

"नाही."

"पण..."

"आजार हरलेला नाही," उसवाबाई म्हणाली, आणि उजवा हात वर करून दाखवला. बोटं मिटलेली होती. "हा बघा. सकाळी बटण लावायला दहा मिनिटं लागली. ती ओळ मी खाली उभी राहून वाचायची? आणि ज्यांचा हात कधीच उघडणार नाही त्यांनी ती वाचून काय समजायचं, आपली जिद्द कमी पडली?"

व्यायामवालीने शालीचं टोक सोडलं. मग हळूच म्हणाली, "मग त्यांना काय देऊ मी? अस्वल?"

हा प्रश्न खरा होता, आणि उसवाबाईला तो आवडला. तिने थोडा विचार केला.

"विचारा त्यांना. आधी काय करत होते, कितपत येत होतं, काय जमत नाही म्हणून झोप उडते. आणि चुकलं तर चुकलं म्हणा. पट्टा कसा करायचा ते आमच्या घड्याळजींना विचारा, ते दाखवतील."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं आणि बसथांब्यावर सावलीचा तुकडाही नव्हता. लेकीने सकाळीच रजा टाकली होती, ती शेजारी छत्री धरून उभी होती. आईच्या कपाळावरून घाम टपकत होता.

"आई, ती शाल काढ आता. लोकर आहे ती. भाजून निघशील."

"नाही काढणार."

"अगं, कुणी बघत नाहीये."

"तू बघतेयस," आई म्हणाली, आणि डाव्या हाताने शाल आणखी आवळून घेतली.

लेकीने तोंड फिरवलं, पण खांदे हलले तिचे. हसणं ऐकू येऊ नये म्हणून ती खोकली. बस आली तेव्हा दोघी चढल्या, आई आधी, काठी पुढे टाकत. वाहकाने "आजी, सांभाळून" म्हटलं आणि त्याला जे ऐकावं लागलं ते मागच्या बाकापर्यंत सगळ्यांनी ऐकलं.